कामाची गोडी आणि मनाची उभारी

गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट आहे. आठवीतील एका विद्यार्थ्याचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ वाडीवाले, नारळ-पोफळीच्या उत्पन्नावर संसार चालविणारे, कष्टाळू आणि अबोल. बसावयास सांगितले तरी बराच वेळ उभेच राहिले, आणि मग एकदम म्हणाले, "गुरुजी, ह्याचं डोकं दुखतं. गणिताचा तास आला की नेमकं दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, डोळे तपासून आणले, काही निघत नाही. आता हे सोंग समजायचं की दुखणं समजायचं, तेवढं तुम्ही सांगा." मुलगा दाराआड उभा होता. मान खाली, आणि आपल्यावर चाललेल्या खटल्याचा निकाल काय लागणार हे त्यास आधीच ठाऊक असावे, असा त्याचा चेहरा.

आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. "थोडे दिवस पाहू या," एवढे बोलून आम्ही त्यांची बोळवण केली. प्रश्न मात्र आमची पाठ सोडीना. प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच प्रश्न होय.

पालकांशी बोलताना एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते: "त्याला सगळं येतं हो, फक्त आत्मविश्वास नाही." आमटीत सर्व काही पडले आहे, मीठ तेवढे राहिले, अशा थाटात ते बोलले जाते, आणि मीठ जसे वरून घालता येते तसा आत्मविश्वासही वरून घालता येईल, अशी त्यात समजूत असते. मग मुलास वक्तृत्वस्पर्धेत उभे करावयाचे, पाठ थोपटावयाची, "तू हुशार आहेस" असे दिवसातून चार वेळा म्हणावयाचे. ह्या उपायांची आम्ही थट्टा करीत नाही. ते आम्हीही केले आहेत. परंतु दुसऱ्याच्या तोंडच्या शाबासकीवर उभा राहिलेला आत्मविश्वास मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून गेलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. एक पेपर अवघड निघाला, की मूल पुन्हा होते तेथेच.

मग टिकाऊ आत्मविश्वास येतो कोठून, आणि कामाच्या गोडीशी व मनाच्या स्वास्थ्याशी त्याचे नाते काय? ह्याचा विचार करू लागलो तेव्हा दूर जावे लागले नाही. आमच्याच किनाऱ्यावरील दोन माणसे डोळ्यांपुढे उभी राहिली. एक अलिबागच्या उत्तरेस किहीमला येऊन राहिला, दुसरा दक्षिणेस नागावला जन्मला. दोहोंच्या काळात पाऊणशे वर्षांचे अंतर. परंतु दोन्ही गावांमधला रस्ता सायकलीने दोन तासांच्या आत संपतो.

पहिले सालिम अली. विद्यार्थ्यांस त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. तेथे भेटतात ते पांढऱ्या दाढीचे, गळ्यात दुर्बीण अडकविलेले, पद्मविभूषण मिळविलेले थोर पक्षिशास्त्रज्ञ. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्या पदवीच्या पुष्कळ आधीच्या मनुष्याविषयी.

त्यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास ते आईबापांवाचून पोरके झाले होते, आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनी त्यांचा सांभाळ केला. गिरगावातील एका मिशनच्या मुलींच्या शाळेत, आपल्या दोन बहिणींबरोबर, त्यांचे पहिले शिक्षण झाले. पुढे ते सेंट झेवियर्स शाळेत गेले. आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे डोके दुखू लागले! वर्ग बुडू लागले. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांस सिंधमध्ये एका नातेवाइकाकडे पाठविण्यात आले. अशा खंडित अभ्यासाने १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. कॉलेजात गेले, तो पहिल्याच वर्षी लॉगरिथमांनी त्यांस जेरीस आणिले. कॉलेज सुटले आणि ते ब्रह्मदेशात टॅव्हॉय येथे, घरच्या मंडळींच्या खाणीच्या व्यवसायात मदत करावयास निघून गेले. तेव्हाच्या कोणा शिक्षकाने त्यांच्या प्रगतिपुस्तकावर काय शेरा मारिला असता, ते आम्ही आमच्या धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो.

परंतु त्या पुस्तकात न येणारी एक गोष्ट ह्यापूर्वीच घडून गेली होती. वयाच्या दहा-बारा वर्षांच्या सुमारास छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारिली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांस सांगता येईना. मात्र मामा बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. "जाऊ दे, अभ्यासाला बस," असे न म्हणता त्यांनी भाच्यास ओळखीची चिठ्ठी देऊन सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड ह्यांच्याकडे पाठविले. १९०८ सालची ही गोष्ट. मिलार्डसाहेबांनी ती चिमणी पीतकंठी जातीची आहे हे सांगितले, भुसा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचावयास पुस्तके दिली. एका मोठ्या मनुष्याने एका लहान मुलाचा प्रश्न गंभीरपणे घेतला. सबंध हकीगतीत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो हा अर्धा-एक तास.

ब्रह्मदेशातून ते मध्यंतरी मुंबईस आले तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर ह्यांनी त्यांस प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. सकाळी व्यापारी शिक्षणाचा वर्ग आणि त्यानंतर प्राणिशास्त्र, असा त्यांचा क्रम होता. गंमत अशी, की ज्या विद्यार्थ्याच्याने एक अभ्यासक्रम झेपला नव्हता त्याने आता दोन झेपविले. पुढे खाणीचा व्यवसाय बुडाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, ज्यास आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, लोकांस प्राण्यांची माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा त्यांस दरमहा ३५० रुपयांवर मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसेमान ह्या विख्यात पक्षिशास्त्रज्ञापाशी शिकावयास गेले. आणि १९३० साली परत येतात तो, पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली! दुसरी योग्य नोकरी मिळेना. विद्यापीठाची पदवी पदरी नव्हती, हे त्यांस नोकरीच्या बाबतीत पुढेही नडले.

वयाची तेहतीस वर्षे उलटलेली, विवाह होऊन अकरा वर्षांवर काळ गेलेला, हाती काम नाही. अशा स्थितीत पतिपत्नी किहीमला येऊन राहिली. मनाची अवस्था काय असेल ती वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ताडावी. बेकारीचे दुःख पैशाच्या चणचणीपुरते नसते. सकाळी उठून करावयाचे काय, हा प्रश्न माणसास आतून पोखरतो. आमच्या भागातील कारखाना बंद पडला किंवा मासळीचा हंगाम वाया गेला, म्हणजे हे आम्ही घरोघर पाहतो.

सालिम अलींच्या सकाळचा प्रश्न सोडविला सुगरणींनी. त्या पावसाळ्यात किहीमला त्यांच्या राहत्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. उंचावर आडोसा करून, त्यात दडून, तासन्‌तास ते तिच्याकडे पाहत बसू लागले.

हा पक्षी आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाही. विहिरीवर वाकलेल्या शिंदीला किंवा माडाच्या झावळीला त्याची तुंब्याच्या आकाराची घरटी लोंबताना सर्वांनी पाहिली आहेत. नाव मात्र आपण मोठे फसवे ठेविले आहे. सुगरण म्हणावयाचे आणि घरटे विणतो तो नर! विणीच्या दिवसांत त्याचे डोके पिवळेधमक होते. मादी बिचारी चिमणीसारखी मळकट. तो भाताच्या, गवताच्या किंवा माडाच्या पातीच्या कडेला चोचीने खाच पाडतो, तेथला टोक चोचीत घट्ट धरून उडतो, आणि पातीचा लांबलचक धागा सोलून निघतो. अशा शेकडो खेपा करून तो विणकाम करितो. घरट्यात आतून ओल्या मातीचे गोळे चिकटविलेले आढळतात. त्यांवर काजवे डकवून सुगरण रात्री उजेड करिते, असे आमच्या आजीने आम्हांस सांगितले होते आणि पुष्कळ वर्षे आम्ही ते खरे मानिले. पुढे गळून पडलेली घरटी उघडून पाहिली तेव्हा गोळे सापडले, काजवे सापडले नाहीत. मातीच्या वजनाने घरटे वाऱ्यात कमी हेलकावते, असा एक तर्क आहे.

असो. सालिम अलींनी जे पाहिले ते थोडक्यात असे. नर प्रथम घरटे अर्धेच विणतो. शिरस्त्राणासारखा त्याचा आकार होतो. मग माद्यांचा थवा येतो. त्या आत शिरून, ओढून-ताणून, जणू भाड्याची जागा पाहावयास आल्याप्रमाणे घरट्याची परीक्षा करितात. एखादीस ते पसंत पडले, की जोडी जमते आणि मगच नर पुढची नळी विणून घरटे पुरे करितो. नापसंत झालेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. मादी अंडी घालून उबवू लागली, की हा गडी शेजारच्या डहाळीवर दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसरी मादी मिळवितो आणि वेळ उरला तर तिसरे. म्हणजे एकाच हंगामात एकापाठोपाठ एक असे तो अनेक संसार मांडतो. पक्ष्यांवरून मुलांस उपदेश करण्याचा मोह आम्हां शिक्षकांस नेहमी होतो. सुगरणीच्या उद्योगशीलतेवर तर शाळाशाळांतून निबंध लिहिले जातात. हा तिसरा संसार त्या निबंधांत कोठे बसवावयाचा, ते आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही!

सुगरणीच्या गृहजीवनाचा हा नवा अर्थ १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि बेकारीच्या त्या दिवसांतील तो लेख त्यांच्या पुढील कीर्तीचा पाया ठरला. आम्हांस कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. ज्याच्यापाशी पदवी नाही, हुद्दा नाही, पगार नाही, त्या मनुष्याने जुन्या समजुतीविरुद्ध जगापुढे मत मांडण्याचे धैर्य कोठून आणिले? त्यास "तू हुशार आहेस" असे कोणी म्हणत नव्हते; नोकरीच्या बाजाराचा निकाल तर अगदी उलट होता. परंतु त्याने पाहिले होते. हा नर, हे त्याचे पहिले घरटे, ही मादी आत शिरली, आज दुसरे घरटे सुरू झाले, अशी दिवसांमागून दिवसांची नोंद त्याच्यापाशी होती. कोणी शंका घेतली तर त्यास सांगता आले असते, की या, आडोशात बसा आणि पाहा. ह्या विश्वासाला दुसऱ्याच्या शाबासकीची गरज लागत नाही. त्याची साक्ष झाडावर लोंबत असते.

आता नागावकडे वळू. येथे आम्हांस एक मौजेचा योगायोग आढळला. ज्या आकड्यांच्या कोष्टकांनी सालिम अलींस कॉलेजातून पळविले, तशीच कोष्टके करण्यात ज्यांना जन्मभर आनंद वाटला असे केरो लक्ष्मण छत्रे, लोकांचे केरूनाना, हे नागावचे. त्यांचा जन्म १८२५ च्या सुमाराचा. शिक्षण मुंबईस झाले, आणि प्राध्यापक आर्लिबार ह्यांच्या हाताखाली, मिसरूड फुटण्याच्या वयातच, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. चुंबकसूची किती हलली, वायुभार किती, उष्णमान किती, हे ठरल्या वेळी पाहावयाचे आणि लिहावयाचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक आठवड्याच्या आत कंटाळतील असे हे काम. (त्याच वेधशाळेचे चुंबकीय काम, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून त्यांच्या उपद्रवापासून दूर, १९०४ साली अलिबागेस आणिले गेले. समुद्राकडे जाताना जी जुनी वेधशाळा लागते ती हीच.)

केरूनाना ह्या कामाला कंटाळले नाहीत. आकड्यांमागे आकाश आहे, हे त्यांस दिसले असावे. पुढे पुण्यास अध्यापन करीत असता त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध करून १८६० साली प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीने काढलेल्या ग्रहांच्या स्थानांत शतकानुशतके फरक साचत गेला होता. पंचांगात ग्रह एकीकडे आणि आकाशात दुसरीकडे, असे होई. युरोपातील नव्या वेधांच्या आधारे त्यांनी गणित नव्याने मांडले, आणि आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साह्याने १८६५ साली ते पंचांग सुरू झाले, ज्यास पुढे पटवर्धनी पंचांग असे नाव पडले. पंचांगास हात लावणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सणवार, मुहूर्त, श्राद्धतिथी पंचांगावरून ठरतात त्यांस सांगावयास नको. तो बदल सर्वांनी मान्य केला असे मुळीच नाही. परंतु केरूनानांची साक्ष पुन्हा झाडावर लोंबत होती, म्हणजे ह्या खेपेस आकाशात: अमुक वेळी ग्रह अमुक ठिकाणी दिसेल, वर मान करा आणि पाहा.

त्यांच्यापाशीही विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि असणार कोठून? मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. तरी डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले, आणि त्यांच्यापुढे बसून शिकलेल्यांत बाळ गंगाधर टिळक हे एक होते. टिळकांची गणित-ज्योतिषाची आवड आणि गुरूविषयीचा त्यांचा आदर प्रसिद्धच आहे.

दोघांचे स्वभाव, धर्म, घरची परिस्थिती, सर्व भिन्न. एकास जे विष वाटले ते दुसऱ्याचे पक्वान्न. म्हणून अमुक विषय चांगला व अमुक रुक्ष, असा निवाडा करणे आम्ही सोडून दिले आहे. रुक्षपणा विषयात नसतो. मनुष्य आणि विषय ह्यांची गाठ पडली की नाही, एवढाच प्रश्न असतो. आणि ती पाडून देण्यास बहुधा कोणी मिलार्ड, कोणी आर्लिबार लागतो.

ह्या बाबतीत अलीकडच्या मानसशास्त्राने केलेले विवेचन आमच्या मताशी जुळते, म्हणून त्याचा उल्लेख करितो. अल्बर्ट बांडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली असे प्रतिपादन केले, की "हे काम मला जमेल" हा विश्वास माणसास चार वाटांनी मिळतो: स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवाने, आपल्यासारख्या दुसऱ्यास ते जमलेले पाहून, इतरांच्या सांगण्याने, आणि आपल्या शरीराच्या लक्षणांवरून. चोहोंत पहिली वाट सर्वांत बळकट. आम्ही पालक-शिक्षक भर देतो तो तिसरीवर, आणि तीच दुबळी. चौथी वाट वाचताच आम्हांस दाराआड उभा असलेला तो मुलगा आठवला. गणिताच्या तासास छातीत धडधडते, डोके ठणकते. मूल त्याचा अर्थ असा लाविते, की मला हे येणार नाही. त्या भीतीने अधिक ठणकते. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. तेव्हा डोकेदुखी सोंग की दुखणे, हा प्रश्नच चुकीचा होता. दुखणे खरे होते. मात्र त्याचे औषध वैद्याच्या बटव्यात असेलच असे नव्हते. सालिम अलींचे डोके पक्ष्यांनी बरे केले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. डॉक्टर मंडळी हसतील. एवढे मात्र खरे, की ज्या मुलास वर्गात बसवत नव्हते तो पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ ऊन, पाऊस, जळवा आणि डोंगर सोसून हिंदुस्थानभर हिंडला, आणि वयाच्या नव्वदाव्या वर्षी, १९८७ साली, निवर्तला.

दुसरा उल्लेख थोडा सावधगिरीचा. रॉबर्ट व्हॅलेरँड ह्या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ साली कामाच्या ओढीचे दोन प्रकार दाखविले. एकीत मनुष्य काम धरितो. दुसरीत काम मनुष्यास धरिते. पहिल्या प्रकारची ओढ जीवनातील इतर गोष्टींशी सलोख्याने नांदते आणि ती असणाऱ्यांत समाधान अधिक आढळते. दुसऱ्या प्रकारात मनुष्य थांबू इच्छितो तरी थांबवत नाही. काम करिताना सुख नाही आणि सोडले तर तळमळ. मोबाईलवरील खेळात रात्री जागविणाऱ्या मुलाची ओढ कोणत्या प्रकारची, हे पालकांनी ओळखावे. पण आम्ही एकट्या मुलांस का बोलावे? गुणांच्या आकड्याने पछाडलेले, मुलगा पहिला आला तरी दुसऱ्यापेक्षा किती गुणांनी, हे विचारणारे वडीलही आम्ही पाहिले आहेत.

येथे एक सुज्ञ पालक आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावेच. "गुरुजी, तुमच्या सालिम अलींना किहीमला राहायला घर होतं. आमच्या पोरानं पाखरं मोजत बसायचं, तर संध्याकाळी चूल कशी पेटायची?" आक्षेप खरा आहे. तय्यबजींचा मोठा गोतावळा पाठीशी होता. पत्नी तेहमीना हिची साथ होती, आणि ती साथ नसती तर ही कथा निराळी झाली असती, असे आम्हांस वाटते. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली ती वेतनाशिवाय, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा एवढ्या करारावर. हे सर्वांस परवडणारे नाही. शिवाय पदवी नसल्याचा तोटा त्यांस सोसावा लागला, हेही आम्ही वर सांगितलेच आहे. तेव्हा कोणा विद्यार्थ्याने हा लेख घरी दाखवून गणिताचे पुस्तक माळ्यावर टाकू नये. केरूनाना अगदी लहान वयात नोकरीच्या जुवाखाली गेले. त्यांनी गोडी शोधिली ती नोकरीच्या कामातच. चूल पेटती ठेवून जे साधते ते बहुतेकांच्या वाट्यास येते, आणि ते कमी प्रतीचे आहे असे आम्हांस वाटत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहावा. शेकडो मूर्ती हातांखालून गेल्या तरी डोळा रेखताना त्याचा श्वास क्षणभर थांबतो. त्या क्षणी हाक मारिली तर तो ओ देत नाही.

आणि कामाची गोडी म्हणजे दुःखावर उतारा नव्हे. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमीनाबाई वारल्या. सालिम अली अगदी खचले. बहिणीच्या घरी ते राहावयास गेले. पक्ष्यांनी ते दुःख हलके केले असे लिहिणे सोपे आहे, परंतु ते खरे असेल असे आम्हांस वाटत नाही. काम चालू राहिले, एवढेच. हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचे त्यांचे सर्वांस सुपरिचित पुस्तक १९४१ साली निघाले. दुःखातही सकाळी उठून करावयाचे काय, ह्या प्रश्नास त्यांच्यापाशी उत्तर होते. त्यापलीकडे कामाकडून अपेक्षा करू नये.

आता त्या मुलाकडे परत येऊ. यंदा श्रावणात आम्ही नववीचा वर्ग सुगरणींची घरटी पाहावयास नेला. जागा त्यानेच सुचविली. त्याच्याच वाडीच्या विहिरीवर वाकलेली शिंदी. प्रत्येकाने एक नर निवडून तो एका तासात पातीच्या किती खेपा करितो ते मोजावे, असे काम दिले. मुलांनी मोजले, हसले, खाऊ खाल्ला आणि घरी गेले. आम्हीही विसरलो. पंधरा दिवसांनी गृहपाठ तपासीत असता ह्याच्या गणिताच्या वहीची मागची पाने उघडली गेली. तेथे तक्ते होते. रोज सकाळी शाळेपूर्वीचा अर्धा तास, तीन नर, पाऊस होता की उघाड, खेपा किती, दहा मिनिटांस सरासरी किती. भागाकार त्याने कोणी न सांगता केले होते. एक चुकला होता, आणि त्यावर काट मारून बाजूला बरोबर उत्तर लिहिले होते. चूक शोधणारा तोच. आम्ही त्यावर काहीही न लिहिता वही परत केली. आमच्या लाल शाईची तेथे गरज नव्हती, आणि ती पडली असती तर कदाचित ती पाने पुढे लिहिली गेली नसती.

त्याचे गणिताचे गुण काय झाले, असे वाचक विचारतील. थोडे वाढले आहेत, फार नाहीत.

दिवाळीच्या सुटीनंतर वडील भेटले. ह्या वेळी न सांगता बसले. "डोकं अजून दुखतं मधून मधून," ते म्हणाले, "पण त्याचं आता तो फारसं बोलत नाही. दुसरंच झालंय. ती शिंदी मला तोडायची आहे. पाला पडून विहिरीचं पाणी खराब होतं. तर तोडू देत नाही. पुढच्या पावसात तेच नर परत येतात का, ते त्याला बघायचंय म्हणे. मी म्हटलं, अरे, सगळे पिवळ्या डोक्याचे, तेच आले हे तू ओळखणार कसं? तर म्हणाला, गुरुजींना विचारा."

पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालून त्यांस सोडतात, आणि ते काम शिकलेल्या माणसाने, रीतसर परवानगी घेऊन करावयाचे असते, एवढे आम्हांस ठाऊक होते. त्यापुढचे सांगण्यासाठी पुस्तक पाहावे लागेल, असे आम्ही त्यांस सांगितले. आणि शिंदी पुढच्या भाद्रपदापर्यंत राहू द्यावी, अशी विनंती केली. विहिरीवर जाळी टाकता येईल का, ह्याचा हिशेब करीत ते गेले.